बेगमपेटची तारकांची खानेसुमारी

पूजेच्या आरंभी गुरुजी 'सुमुख'पासून गणपतीची बारा नावे म्हणतात. त्या बारांत धूम्रकेतू हे एक नाव आहे. गणेशपुराणात चार युगांचे चार अवतार सांगितले आहेत, त्यांतल्या कलियुगाच्या अवतारालाही हेच नाव दिले आहे. आकाशात शेंडी असलेला तारा दिसला की राजाचे मरण, दुष्काळ, साथ असे काहीतरी अरिष्ट येणार, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्याच परंपरेने विघ्नहर्त्याला मात्र हे नाव निःशंकपणे दिले.

धूमकेतूची खरी भीती होती ती त्याच्या अवचित येण्याची. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचार नावाचा एक स्वतंत्र अध्याय लिहिला. ग्रहांचे उदयास्त गणिताने सांगणाऱ्या या थोर ज्योतिषाने तिथे स्पष्ट म्हटले आहे की केतूंचे दिसणे आणि मावळणे गणिताने जाणता येत नाही. पुढे हजाराहून अधिक वर्षे हीच स्थिती राहिली. १७०५ साली एडमंड हॅली यांनी एका धूमकेतूचे गणित मांडले आणि तो १७५८ च्या नाताळात पुन्हा दिसला, तेव्हा पहिल्यांदा या पाहुण्याला तिथी मिळाली.

अनाहूत पाहुणा ओळखायचा असेल तर आधी घरातली माणसे ठाऊक हवीत. आकाशाचेही तसेच आहे. हजारो ताऱ्यांत एक ठिपका नवा आहे, किंवा काल होता तिथून सरकला आहे, हे कळायला बाकीचे तारे नेमके कुठे आहेत याची पक्की नोंद लागते. अशी नोंद करण्याच्या कामात आपल्या हैदराबाद शहराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा वाटा उचलला. बेगमपेटवरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना त्याची कल्पना नसते, म्हणून हा लेख.

पाहुणे कोण?

सूर्याभोवती फिरताना जे लघुग्रह आणि धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेच्या आसपास येतात, त्यांना पृथ्वीनिकट म्हणतात. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातले अंतर एक धरले तर सूर्यापासून १.३ पटीच्या आत येणारी वस्तू या यादीत धरली जाते. असा पहिला लघुग्रह १८९८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनमधून सापडला. त्याचे नाव इरॉस. आज ही यादी तीस हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांतले १४० मीटरहून मोठे आणि पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत येऊ शकणारे जे असतात, त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवले जाते.

हे लक्ष का ठेवायचे, याचे उत्तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मराठवाड्यातून आलेल्या घरांना तर ते गावाकडच्या वाटेवरचेच. वऱ्हाडचा तो मुलूख इंग्रजांच्या कारभारात असला तरी नावाने निजामाचा होता. लवणासुराला विष्णूने तिथे मारले अशी कथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा ज्वालामुखीचा की आघाताचा, यावर बरीच वर्षे वाद होता. १९७० च्या दशकात तिथल्या खडकांत प्रचंड दाबाखाली काच झालेली खनिजे सापडली आणि वाद मिटला. कित्येक लाख वर्षांपूर्वी आकाशातून आलेल्या एका दगडाने दख्खनच्या काळ्या पाषाणात हे भोक पाडले आहे. बेसॉल्टमध्ये इतका चांगला टिकलेला आघाताचा खड्डा जगात दुर्मीळ आहे.

फिसलबंड्याची दुर्बीण

हैदराबादच्या वेधशाळेची सुरुवात एका हौशी सरदाराने केली. नवाब जफर जंग यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले होते आणि त्यांना आकाशाचा नाद होता. त्यांनी पंधरा इंची भिंगाची ग्रब दुर्बीण आणली आणि १९०१ मध्ये फिसलबंडा इथल्या आपल्या जागेत वेधशाळा थाटली. मीर महबूब अली खान हे तेव्हा निजाम होते. त्यांच्या परवानगीने वेधशाळेला निजामिया नाव मिळाले. आकाशाची छायाचित्रे घेण्यासाठी नवाबांनी आठ इंची कुक दुर्बीणही घेतली. आपल्यामागे हे सारे सरकारने चालवावे अशी त्यांची इच्छा होती. १९०७ मध्ये ते वारले आणि १९०८ मध्ये वेधशाळा सरकारकडे आली.

१९०८ हे साल हैदराबादकर विसरत नाहीत. त्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला आणि निम्मे शहर धुऊन निघाले. त्याच वर्षी ३० जूनला सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशात एक प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे जंगल आडवे झाले. आलेली वस्तू जमिनीवर न आदळता हवेतच फुटली होती. वस्ती विरळ होती म्हणून फारसे कोणाला कळले नाही. अशा वस्तूची आगाऊ चाहूल लागण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती.

नव्या सरकारी वेधशाळेचे पहिले संचालक आर्थर चॅटवुड यांनी ती शहराबाहेर बेगमपेटला हलवली. तेव्हा तिथे अंधार होता, माळ होता आणि आकाश मोकळे होते. त्याच दशकात शहरात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही आपली मंडळी विवेक वर्धिनीची उभारणी करत होती. जुन्या हैदराबादचा तो संस्था बांधण्याचा काळ होता, आणि वेधशाळा हे त्यातलेच एक काम.

आकाशाची वाटणी

१८८७ मध्ये पॅरिसला जगभरच्या ज्योतिर्विदांची परिषद भरली. छायाचित्रणाची कला नुकतीच हाताशी आली होती. तिच्या आधाराने सबंध आकाशाची मोजणी करायची आणि अकराव्या प्रतीपर्यंतच्या प्रत्येक ताऱ्याची जागा नोंदवायची, असे ठरले. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, यावरून या कामाची कल्पना यावी. आकाशाचे आडवे पट्टे पाडून अठरा वेधशाळांत वाटले गेले. दक्षिणेकडच्या १७ ते २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सँटियागोकडे होता, पण तिथे काम पुढे सरकले नाही. ऑक्सफर्डच्या प्राध्यापक टर्नर यांच्या प्रोत्साहनाने तो हैदराबादने घेतला. या कामात भारतातून एकटी निजामिया वेधशाळा होती.

हा पट्टा कुठला, ते आपल्या ओळखीच्या खुणेने सांगतो. गणपतीपाठोपाठ गौरी येतात त्या अनुराधा नक्षत्रावर. ज्येष्ठावर त्यांची पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. अनुराधेचे दोन ठळक तारे याच पट्ट्यात आहेत. भाद्रपदात संध्याकाळी नैर्ऋत्येला वृश्चिक दिसतो, त्याच्या डोक्याकडचा हा भाग. सूर्य, चंद्र, ग्रह आणि बहुतेक लघुग्रह ज्या क्रांतिवृत्ताच्या आसपास फिरतात, तेही या पट्ट्यातून दोनदा जाते. म्हणजे हैदराबादच्या वाट्याला आलेला मोहल्ला पाहुण्यांच्या वर्दळीचा होता.

काम असे चाले. आठ इंची दुर्बिणीला रसायनाचा थर दिलेली काच लावायची आणि आकाशाचा दोन अंश लांब, दोन अंश रुंद तुकडा तिच्यावर उतरवायचा. पूर्णचंद्राच्या चौपट लांबी-रुंदीचा हा चौकोन. काचेवर आखलेल्या बारीक चौकटींचे जाळेही उमटवलेले असे. दुर्बीण अशी बेतलेली होती की काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. मग दिवसा ती काच मोजणीच्या यंत्राखाली ठेवून, भिंगातून पाहत, एकेका ताऱ्याचे आडवे आणि उभे अंतर लिहून घ्यायचे. एका काचेवर शेकडो तारे, आणि अशा हजाराहून अधिक काचा. संगणक नव्हते. आकडेमोड हातानेच व्हायची, चूक राहू नये म्हणून पुन्हा ताडून पाहायची आणि मग छापायची.

चॅटवुड यांच्यानंतर १९१४ मध्ये रॉबर्ट पोकॉक आले आणि मोजणीला वेग आला. १९१८ मध्ये पोकॉक वारले. त्यांच्या जागी टी. पी. भास्करन आले. त्यांनी १९४४ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ही वेधशाळा सांभाळली. १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. नवाबांची पंधरा इंची दुर्बीण बेगमपेटच्या घुमटाखाली १९२२ मध्ये उभी राहिली. दक्षिणेचा पट्टा पुरा होत आला तसा उत्तरेकडचा ३६ ते ३९ अंशांचा आणखी एक पट्टा हैदराबादने घेतला. तो मुळात जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा होता आणि अपुरा राहिला होता. दोन्ही मिळून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा या वेधशाळेने मोजून दिल्या. दोन मोठ्या वेधशाळांचे अडलेले काम दख्खनच्या माळावरच्या मंडळींनी तडीस नेले.

हे काम कोणाला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नेणारे नव्हते. खानेसुमारीला येणाऱ्या कारकुनाचे नाव कोणी लक्षात ठेवत नाही, तसेच हे.

वेधशाळेच्या अंगणातला मुलगा

या वेधशाळेत बाप्पू नावाचे एक गृहस्थ नोकरीला होते. घराणे मूळचे केरळातले. त्यांचा मुलगा वेणू लहानपणापासून दुर्बिणींच्या सहवासात वाढला. निजाम कॉलेजात शिकत असतानाच तो प्रकाश कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांचे वेध घेऊ लागला होता. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद भारतात आले, आणि पुढच्याच वर्षी हा तरुण हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत हार्वर्डला गेला.

तिथे पोचून काही महिनेच झाले होते. २ जुलै १९४९ च्या रात्री त्याने घेतलेल्या एका छायाचित्रात एक वेगळा ठिपका दिसला. प्राध्यापक बार्ट बॉक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह त्याने तो तपासला. तो नवा धूमकेतू निघाला. कक्षेचे गणित केल्यावर कळले की तो सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे साठ हजार वर्षे घेतो. या धूमकेतूला बाप्पू-बॉक-न्यूकर्क असे नाव मिळाले आणि बाप्पूंना पॅसिफिक ज्योतिष संस्थेचे डोनोहो पदक. काचेवरच्या ठिपक्यांत परका कोणता हे ओळखणारी नजर बेगमपेटच्या अंगणात तयार झाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे वेणू बाप्पू भारतीय खगोलशास्त्राचे आधारस्तंभ झाले. तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा त्यांनी उभी केली. १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. १९८२ मध्ये ते गेले. कावलूरच्या वेधशाळेला आज त्यांचे नाव आहे आणि एका लघुग्रहालाही.

त्याच कावलूरला आर. राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लघुग्रहांचा पद्धतशीर शोध सुरू केला. त्या प्रकल्पाचे नाव कल्की. १७ फेब्रुवारी १९८८ ला त्यांना एक नवा लघुग्रह सापडला आणि त्याला गणिती रामानुजन यांचे नाव दिले गेले. त्याआधी भारतातून लघुग्रह सापडले होते ते मद्रासच्या वेधशाळेत पॉग्सन यांना, १८६१ ते १८८५ या काळात. मधली शंभर वर्षे कोरडी गेली होती.

इकडे हैदराबादेत १९६० च्या दशकात सूत्रे आली ती एका मराठी माणसाकडे. प्राध्यापक कृष्ण दामोदर अभ्यंकर उस्मानिया विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्रमुख आणि निजामियाचे संचालक झाले. बेगमपेटचे आकाश तोवर दिव्यांनी उजळू लागले होते. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर जपाल-रंगापूर इथे अठ्ठेचाळीस इंची आरशाची नवी दुर्बीण १९६८ मध्ये सुरू झाली. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी रंगापूरला शास्त्रज्ञांनी मुक्काम ठोकला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. अभ्यंकरांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, खगोलभौतिकीचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि उत्तर आयुष्यात प्राचीन भारतीय ज्योतिषाचा अभ्यास केला. भारतीय खगोलशास्त्रज्ञांची संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली ती उस्मानियाच्या पत्त्यावर आणि बाप्पू तिचे पहिले अध्यक्ष होते.

जुन्या वहीचे मोल

ही सगळी मोजणी कालबाह्य झाली, असे कोणालाही वाटेल. झाले वेगळेच. तारे स्थिर दिसतात, पण फार हळू सरकत असतात. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांच्या जागा अत्यंत अचूक मोजल्या. मात्र तारा किती सरकतो हे कळायला जुनी जागाही हवी, आणि जितकी जुनी तितकी बरी. तेव्हा पॅरिसच्या त्या योजनेतले आकडे, त्यांत आपल्या बेगमपेटचेही, पुन्हा बाहेर काढले गेले. २००० साली पंचवीस लाख ताऱ्यांची टायको-२ ही सूची निघाली, ती या जुन्या आणि नव्या मोजणीच्या मेळातून. पुढची बरीच वर्षे जगभर लघुग्रहांची जागा ठरवायला जे तारे आधाराला घेतले गेले, त्यांत या सूचीचा मोठा भाग होता.

यात पृथ्वीचा संबंध असा. सूर्याएवढ्या अंतरावरच्या लघुग्रहाची जागा मोजताना एका विकलेची चूक झाली तर तो सातशे किलोमीटरहून अधिक इकडेतिकडे धरला जातो. तीच चूक काही वर्षांच्या गणितात वाढत जाते. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर. दगड आदळणार की बाजूने जाणार, याचा निकाल अशा विकलांवर ठरतो.

२००४ च्या डिसेंबरात याचा अनुभव आला. त्या वर्षी सापडलेला ॲपोफिस नावाचा, तीनशे मीटरहून मोठा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता सुमारे सदतिसांत एक इतकी निघाली. त्सुनामीच्या बातम्यांनी सारे जग हादरले होते, ते हेच दिवस. त्सुनामीच्या दुसऱ्याच दिवशी काही महिने आधीच्या छायाचित्रांत तोच लघुग्रह सापडला. तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ती जुनी जागा गणितात घालताच २०२९ ची टक्कर बाद झाली. आता तो भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे पृथ्वीपासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटरवरून सुखरूप जाईल. जपून ठेवलेली नोंद कामी आली ती अशी.

सगळे पाहुणे असे आधी वर्दी देत नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड फुटला, खिडक्यांच्या काचांनी सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आला, म्हणून कोणाला दिसला नाही. १६ ऑगस्ट २०२० ला मोटारीएवढा एक लघुग्रह हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. तो गेल्यावर सहा तासांनी कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीने टिपला, आणि त्या चित्रांतली रेघ ओळखली ती आयआयटी मुंबईच्या कुणाल देशमुख या विद्यार्थ्याने. इतक्या जवळून जाऊन न आदळलेला लघुग्रह तोवर नोंदला गेला नव्हता. बाप्पूंच्या हातात काच होती, या मुलासमोर संगणकाचा पडदा होता. ठरलेल्या ठिपक्यांत परका शोधायचा, हे काम तेच.

ओळखल्यावर करायचे काय, याचीही चाचणी झाली आहे. २०२२ च्या घटस्थापनेची रात्र सरताना, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले. आपल्या जोडीदाराभोवतीची त्याची फेरी अर्ध्या तासाहून थोडी अधिक कमी झाली. वेळेवर कळले तर दगडाला बाजूला सारता येईल, असे आता म्हणता येते. सारा भर 'वेळेवर' या शब्दावर आहे, आणि वेळेवर कळणे नोंदींवर अवलंबून आहे.

बेगमपेटचा घुमट आज आर्थिक आणि सामाजिक अभ्यास केंद्राच्या आवारात आहे. भोवती उड्डाणपूल, दुकाने आणि दिव्यांचा झगमगाट. तिथले वेध थांबून काही दशके झाली. आपल्या शहरात चारमिनारची डागडुजी होते, रेसिडेन्सीची होते आणि ती व्हायलाच हवी. या घुमटाखाली केलेले कामही त्याच मोलाचे आहे. वास्तू, दुर्बीण आणि जुन्या काचा यांची नीट निगा राहावी, शाळेच्या मुलांना तिथे नेऊन हे सांगितले जावे, यासाठी शहरातल्या जुन्या संस्थांनी आवाज उठवायला हवा. आपले मंडळ त्यांतलेच एक आहे. आपल्या कार्यक्रमांत एखादी संध्याकाळ या विषयासाठी राखता येईल. भाद्रपदातल्या उघडिपीच्या रात्री, शहराबाहेर जाऊन मुलांना अनुराधा दाखवावी आणि सांगावे की गौरी जिथे येतात, तिथले तारे आपल्या गावाने मोजले आहेत.